मैदानातला विसावा

जव्हारला विद्याभुवन नावाची शाळा होती आणि तिला लागून बोर्डिंग होतं, त्या काळातली ही गोष्ट. संस्थानचे दिवस होते. बोर्डिंगच्या पोरांचा फुटबॉलचा संघ नाशिकला जाऊन सपाटून मार खाऊन आला, आणि शाळेच्या मंडळींनी ठरवलं की पोरं हरतात त्याचं कारण एकच, त्यांना मैदान नाही. यात खोटं काही नव्हतं. आमच्या पठारावर चेंडू जरा जोरात मारला की तो दरीत जातो, मग पोरांचा निम्मा दिवस चेंडू आणण्यात. तेव्हा शाळेच्या आवारातच चांगलं लांबरुंद मैदान करायचं, भोवती दगडमातीच्या पायऱ्या रचायच्या आणि त्यावर बसून लोकांनी सामने बघायचे, असा बेत निघाला. आज त्याला स्टेडियम म्हणाले असते. तेव्हा नुसतं मैदान म्हणायचे, आणि ते करायला वेठीला आमचा पाडा धरला.

फुटबॉल म्हणजे काय ते पाड्यात कोणाला ठाऊक नव्हतं. चेंडू पायानेच मारायचा, हात लावला तर शिट्टी वाजते, एवढं कळल्यावर बायका हसून हसून बेजार झाल्या. धडधाकट हात असलेल्या पोरांना असं का वागवतात, हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. मलाही फारसं कळलेलं नाही.

जागा ठरली ती शाळेच्या मागची, ओढ्याकडे उतरत गेलेली. तिच्या बरोबर मधोमध आमचा विसावा होता.

विसावा म्हणजे तिरडी टेकवायची जागा. पाड्यातून मसणवट्याकडे जाताना अर्ध्या वाटेवर दोन चपटे दगड होते, एक डोक्याकडचा, एक पायाकडचा. घरापासून तिथपर्यंत मेलेल्याचं तोंड घराकडे ठेवतात, म्हणजे त्याला आपलं दार, आपला अंगणातला फणस, मागून रडत येणारी माणसं सगळं बघता येतं. विसाव्यावर तिरडी खाली ठेवायची, खांदे बदलायचे आणि तिरडी फिरवायची. मग तोंड ओढ्याकडे. बायका विसाव्यापर्यंतच येतात. ज्याचं नातं सगळ्यात जवळचं, त्याने किंवा तिने तिथे वाकून सांगायचं असतं, "घर मागं राहिला. आता वळून बघू नको." एवढं झालं की मेलेला सुटला आणि घरही सुटलं. हा प्रकार खुळचट वाटत असेल त्याने खुशाल वाटून घ्यावा, पण पुढचं ऐकून घ्यावं.

कामावर कर्णिक नावाचे ओव्हरसियर होते, ठाण्याकडचे. गोष्टीत वाईट माणूस लागतो म्हणून लोक त्यांना वाईट करतात, पण ते तसे नव्हते. त्यांनी पाड्यातल्या लोकांना बोलावून सरळ विचारलं, "तुमचे दगड कुठे हलवायचे ते तुम्हीच दाखवा. आम्ही हात लावणार नाही." मग आमचा भगत देवराम याने आवाराबाहेर, वाटेच्या वळणावर, एका मोहाच्या झाडाखाली जागा दाखवली. तांदूळ टाकले, नारळ फोडला, कोंबडा दिला, आणि दोन्ही दगड तिकडे नेऊन बसवले. सगळे खूश. कर्णिकांनीही नारळाचा तुकडा तोंडात टाकला.

पण नव्या विसाव्याला एक अट असते. त्यावर पहिला जो टेकवायचा तो पिकलेला माणूस पाहिजे, केस पांढरे झालेला, नातवंडं बघितलेला. कारण पहिला टेकवला तो पुढे जात नाही. तो तिथेच बसतो आणि मागून येणाऱ्या प्रत्येकाला फिरवून वाटेला लावतो. ते त्याचं काम, पिढ्यान् पिढ्या. म्हाताऱ्या माणसाला ते जमतं, कारण त्याची कुठे जायची घाई संपलेली असते. तरण्या माणसाला तिथे अडकवणं म्हणजे पाप. देवराम म्हणाला, "एखादा डोकरा जाईल तवा विसावा चालू होईल. घाई काय हाये?" त्या उन्हाळ्यात कोणी म्हातारं गेलं नाही. पावसाळ्यातही गेलं नाही. एरवी आमच्याकडे पावसाळा म्हाताऱ्यांना इतका दयाळू नसतो.

मैदान सपाट झालं, गवत पेरलं, ते श्रावणात चांगलं उगवलं. भाद्रपदात उघडीप मिळाली तशी गवतावर दगडी रूळ फिरवायला घेतला. रूळ ओढणाऱ्यांत ढवळू होता, फागूचा एकुलता एक पोरगा. दांडगा गडी, बोलायला कमी, पण हसायला लागला की थांबायचा नाही. त्याला फुटबॉल आवडायला लागला होता. बोर्डिंगची पोरं कडेला खेळायची, चेंडू कामावरच्या माणसांत आला की इतर लोक अंग चोरायचे आणि ढवळू अनवाणी पायाने असा मारायचा की पोरं टाळ्या पिटायची. दुपारची भाकर खायला तो घरी यायचा, पाडा जवळच होता, आणि बायकोला, चैतीला, त्या चेंडूचंच सांगत बसायचा. त्यांची पारू तेव्हा तान्ही होती. "पोर मोठी झाली का तिला चेंडू शिकवणार," असं तो म्हणायचा आणि चैती म्हणायची, "पयला तिला दात येऊ द्या."

एका सकाळी मैदानाच्या कडेच्या ओल्या उतारावर रुळाचा दोर तुटला. रूळ मागे सरकला, बाकीचे बाजूला झाले, ढवळूने खांदा लावला. त्याने का लावला ते त्यालाच ठाऊक. कदाचित खाली पोरं खेळत होती म्हणून लावला असेल. रूळ थांबला, पण ढवळूच्या छातीवरून गेल्यावर थांबला.

तिरडी बांधली तेव्हा देवराम फागूला बाजूला घेऊन विचारायला लागला. जुना विसावा मोडलेला, नव्यावर अजून कोणी नाही. ढवळूला तिथे टेकवला तर तोच पहिला होणार, तोच राखणीला बसणार. तिथे बसून सगळ्या पाड्याला फिरवत राहणार.

फागूने वर बघितलंही नाही. "माझा पोर राखण नाय करायचा," तो म्हणाला. "जलमभर वेठ केली त्यानं. मेल्यावर कोणाची वेठ नाय करायचा तो."

बापाचं ते बोलणं ऐकून माणसांच्या डोळ्यांना पाणी आलं. तिरडी न टेकवता, खांदे न बदलता चार जणांनी ती सरळ ओढ्यापर्यंत नेली. विसावा नाही म्हणून बायकांना वाटेवर यायचं कारण उरलं नाही, त्या पाड्याच्या तोंडाशीच थांबल्या. घाईत आणि दुःखात एक गोष्ट कोणाच्याच लक्षात आली नाही. विसावा नाही म्हणजे फिरवणं नाही. ढवळूला चितेवर ठेवला तेव्हाही त्याचं तोंड घराकडेच होतं. प्रेमापायी केलेली चूक होती ती, आणि अशा चुका निस्तरताना नाकी नऊ येतात.

दहावं झालं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ढवळू भाकर खायच्या वेळी घरी आला.

चैती पारूला मांडीवर घेऊन बसली होती. ऊन अंगणात उभं होतं. दारात ओल्या मातीचा आणि दोराच्या काथ्याचा वास आला, तिने मान वर केली, तर तो दाराच्या चौकटीला टेकून बसला होता, नेहमी बसायचा तसा, तोंड घरात करून. अंगावर तांबडी माती. चैतीला भीती वाटायला हवी होती, पण खरं सांगायचं तर तिला इतका आनंद झाला की तिने हाताने तोंड दाबून धरलं. तो बोलला नाही. पारूकडे बघत बसला. पारूने दूध सोडलं, मान वळवली आणि त्याच्याकडे बघून खुदकन हसली. कामावर परत जायची वेळ झाली तशी चौकट रिकामी दिसली. सारवलेल्या जमिनीवर तांबड्या मातीच्या पावलांचे ठसे होते, आत येणारे. बाहेर जाणारे नव्हते.

चैतीने ते शेणाने सारवून टाकले आणि कोणाला काही सांगितलं नाही. रोज दुपारी ती सासूला काहीतरी निमित्त काढून नाचणीच्या शेतावर पाठवायची आणि नाचणीची एक भाकर जास्त थापायची. भाकर तशीच राहायची. पण तो यायचा. नवरा गेलेल्या बाईला एवढं मिळत असेल तर ती कोणाला का सांगेल? मी असतो तर मीही सांगितलं नसतं.

तिकडे मैदानावरही काही धड नव्हतं. सकाळी कर्णिक येत तर गवतावरच्या दवात रुळाचा पट्टा उमटलेला असे आणि रूळ आदल्या जागी नसे. ज्याच्या त्याच्यावर ओरडून झालं, कोणी कबूल होईना. मधोमध, जिथे जुना विसावा होता तिथलं गवत सगळं एका बाजूला कललेलं, पाड्याकडे. ते कापलं, खालची माती बदलली, पुन्हा पेरलं, तर पुन्हा तसंच आलं. पोरं खेळायला लागली की चेंडू त्या जागेवर येऊन थांबायचा. उतार नाही, खड्डा नाही, तरी कोणीतरी अलगद खाली ठेवल्यासारखा थांबायचा. पोरं हळूहळू ती जागा टाळून खेळायला लागली. मास्तरांनी विचारलं तर सांगत, तिथं पाय जड होतो.

आणि घरात पारूने दूध सोडलं.

आधी वाटलं पोट बिघडलं असेल. मग वाटलं दृष्ट लागली. चैतीला पान्हा फुटायचा, पदर ओला व्हायचा, ती पोरीला छातीशी धरायची आणि पोर तोंड फिरवून दाराकडे बघत राहायची. दुपारी ढवळू असला की हसायची, तो गेला की तशीच दाराकडे बघत पडून राहायची, भुकेने रडायची सुद्धा नाही. शेळीचं दूध दिलं, पेज दिली, सगळं ओठांच्या कडेने बाहेर. गाल बसले. मांडीची कातडी सैल पडली. तान्ह्या पोराचं रडणं बारीक होत गेलं की घरात सगळे हळू चालायला लागतात, तसं त्या घरात झालं.

सासू राही शेतावरून एका दुपारी लवकर परत आली. जमिनीवरचे ठसे अजून ओले होते.

"कवापास्नं येतो?" तिने विचारलं.

चैती पारूच्या अंगावरचं फडकं सारखं करत राहिली.

"चैती, तुला विचारते. पोर कोणाकडं बघते ता मला ठावं हाये. कवापास्नं येतो तो?"

"दहावा झाला तवापास्नं," चैती म्हणाली, आणि मग एकदम भडकली. "येतो तर येऊ द्या की! तुमचाच लेक हाये ना? तुम्हाला नको का तो?"

राही खाली बसली. तिने त्या ठशावर हात ठेवला, माप घ्यावं तसा पसरून.

"मला नाय दिसत तो," ती म्हणाली. "मी रोज वाटंवर उभी राहते. तुझ्या निमित्तानं शेतावर जाते ना, ती तिथून दाराकडं बघत उभी राहते. नऊ महिने पोटात ठेवला, मला का नाय दिसत?" मग डोळे पुसून म्हणाली, "पण पोर मरंल, चैती. तो तिला न्यायला नाय आला. त्याला तर कळत पन नाय का तो गेलाय. पण पोर मरंल."

हे चैतीला कळत नव्हतं असं नाही. आठ दिवस ती तेच कळणं मागे ढकलत होती. एका बाजूला दारातला तो आणि दुसऱ्या बाजूला मांडीवरची ही, दोघांना धरून ठेवायचं तर दोघांतलं एक सुटणार. कुठलं, ते तिला माहीत होतं. फक्त ते म्हणायला जीभ उचलत नव्हती.

देवरामला बोलावलं. त्याने सुपात तांदूळ टाकून बघितले आणि कपाळाला हात लावला. चूक त्याच्याच समोर झाली होती. ढवळूला फिरवायला हवं, तेही विसाव्यावर, आणि विसावा चालू व्हायला हवा एखादा पिकला माणूस. मग पाड्यात जे सुरू झालं ते आठवून आजही लोक हसतात, पण हसताना मान खाली घालतात. लक्ष्या नावाचा एक म्हातारा कित्येक वर्षं खोकत होता, कोणी ढुंकून बघत नव्हतं. त्याच्याकडे एकदम माणसं यायला लागली. खोकला कसा आहे, रात्री झोप लागते का, पाय सुजलेत का, असं गोड आवाजात विचारू लागली. लक्ष्या काही मूर्ख नव्हता. त्याने सगळ्यांना आयामायांवरून शिव्या दिल्या, काठी घेतली आणि तडक खोडाळ्याला लेकीकडे निघून गेला. इतका रस्ता तो चालला आणि त्याला एकदाही खोकला आला नाही म्हणतात.

तोपर्यंत पारूला मान धरवेनाशी झाली होती.

शेवटी वाट दाखवली ती राहीने. रडून रडून थकलेलं माणूस कधीकधी सरळ विचार करतं. ती देवरामला म्हणाली, "जुन्या जाग्यावर पयला डोकरा बसलाच हाये ना? आपल्या आज्याच्या आज्यापास्नं बसलाय. दगड तुमी हलवलं. त्याला कोणी हलवला?"

देवरामच्या एकदम ध्यानात आलं. तो पहिला म्हातारा हलला नव्हता. तो गवताखाली तसाच बसला होता. येणाऱ्या चेंडूला धरत होता, थांबवत होता, आणि काय करायचं ते कळत नसल्यासारखा सोडून देत होता.

फागू दुसऱ्याच दिवशी कर्णिकांकडे गेला. मैदानात तिरडी न्यायची, मधोमध टेकवायची, फिरवून ओढ्याकडे न्यायची, बस्स. कर्णिकांनी ऐकून घेतलं. ढवळू गेला तेव्हापासून फागू समोर आला की ते नजरेला नजर देत नसत.

"अरे फागू, चार दिवसांवर सामना आहे. नाशिकचा संघ येतोय, दरबारचे पाहुणे येताहेत. चुन्याच्या रेघा मारून झाल्या. आता मैदानात कोणी पाऊल टाकायचं नाही असा वरून हुकूम आहे. सामना होऊ दे, मग हवं ते करा. मी स्वतः उभा राहतो."

"पोर तवर नाय टिकायची, सायेब," फागू म्हणाला.

कर्णिकांनी डॉक्टरला पाठवतो म्हणून सांगितलं, आणि पाठवलाही. डॉक्टरने औषध दिलं. ते पारूच्या ओठांच्या कडेने बाहेर आलं.

ते दिवस कसे गेले ते चैतीलाच विचारायला हवं होतं. दुपारी तो यायचा. एकदा तिने त्याला सगळं सांगून बघितलं. तुम्ही गेलात, रूळ अंगावरून गेला, तुम्हाला जाळून आले. तो ऐकत होता की नव्हता कोण जाणे, पारूकडे बघून हसत होता, थांबत नव्हता. चैती भिंतीकडे तोंड करून बसली. त्या दिवशी तिला पहिल्यांदा त्याची भीती वाटली, आणि भीती वाटली म्हणून स्वतःचा संताप आला.

सामन्याच्या दिवशी पायऱ्या भरलेल्या दिसाव्यात म्हणून आसपासच्या सगळ्या पाड्यांना बोलावणं होतं. पोशेऱ्याकडूनसुद्धा माणसं आली होती. त्यामुळे आमचा पाडा आला याचं कोणाला नवल वाटलं नाही. पश्चिमेच्या पायऱ्यांमागे, माणसांच्या पाठीआड, फागूने तिरडी आणून ठेवली होती. तिच्यावर नव्या भाताच्या पेंढ्याचा माणूस बांधला होता आणि त्याला ढवळूची घोंगडी पांघरली होती. एका बाजूला खुर्च्यांवर पाहुणे होते, बँड वाजत होता. सामना कसा झाला ते आमच्यापैकी कोणी सांगू शकत नाही. आमची माणसं चेंडूकडे बघतच नव्हती. एवढंच कळलं की दोन्ही संघ मधली एक जागा सोडून खेळत होते, आणि नाशिकच्या पोरांना तर कोणी काही सांगितलंही नव्हतं.

मध्यंतराची शिट्टी झाली. पोरं लिंबाच्या फोडी चोखायला कडेला गेली. मैदान रिकामं झालं.

फागूने तिरडीला खांदा दिला. दुसरा खांदा देवरामचा, मागे पाड्यातले दोघे. पेंढ्याच्या माणसाचं तोंड पाड्याकडे. त्यांच्यामागे राही, आणि राहीमागे पारूला छातीशी धरून चैती. पायऱ्यांवरून खाली उतरून ते चुन्याची रेघ ओलांडून आत गेले.

आधी खुर्च्यांवरच्या लोकांना वाटलं हा कार्यक्रमातलाच काही भाग आहे, दोन-चार जणांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या. मग पायऱ्यांवरची माणसं उभी राहिली. सगळी. पाड्यापाड्यांतली माणसं, ज्यांना कोणी उभं राहा म्हटलं नव्हतं. बँड आपोआप बंद पडला. कर्णिक धावत रेघेपर्यंत आले आणि तिथे थांबले. पुढे टाकलेला पाय त्यांनी मागे घेतला आणि डोक्यावरची टोपी काढून हातात धरली.

कललेल्या गवतापाशी तिरडी टेकवली. जमीन गार होती, देवराम नंतर सांगायचा, भर दुपारी चटका बसावा तर गार. खांदे बदलले. आता फिरवायची, आणि त्याआधी चैतीने बोलायचं.

तिने मागे वळून बघितलं. तो होता. घराबाहेर तिला तो पहिल्यांदाच दिसत होता. तिरडीमागून तो चालत आला होता, वेठीवरची माणसं एकमेकांमागून चालतात तसा, आणि आता उभा राहून पारूकडे बघत होता. पारू त्याच्याकडे बघत होती, पण हसायचं बळ तिच्यात उरलं नव्हतं.

"कुठं हाये?" राहीने हळूच विचारलं. "हाये का?"

"हाये. तुमच्या हाताशी."

राहीने आपला हात उचलला आणि हवेत तसाच धरून ठेवला. "कसा दिसतो गं?"

ढवळूची चेचलेली छाती चैतीला रोज दिसत होती. "चांगला दिसतो, आये," ती म्हणाली. "कामावर नाय गेला अजून असा दिसतो. कपाळाला माती लागलीय फक्त."

राहीने हवेतच, कपाळ असेल तिथे, अंगठा फिरवला. मग हात खाली घेतला. "सांग त्याला," ती म्हणाली. "सांग बाय."

चैती तिरडीपाशी गेली. अख्खं मैदान थांबलेलं. तिला वाटलं, न बोलताच परत फिरावं, घरी जावं, उद्या दुपारी भाकर थापावी. मग पारूची मान तिच्या दंडावरून मागे लवंडली, मुळापासून सुटल्यासारखी, आणि तिने ती दुसऱ्या हाताने सावरली.

"घर मागं राहिला," ती त्याला म्हणाली. "तुमचा घर मागं राहिला. आता वळून बघू नका. माझ्याकडं नको, हिच्याकडं पन नको. मी बघते हिच्याकडं. मी बघीन. तुमी जा."

तो तिच्याकडे बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी उमगल्यासारखं आलं. चौघांनी तिरडी उचलून फिरवली, आणि तिच्याबरोबर तोही फिरला. इतक्या दिवसांत चैतीला त्याची पाठ दिसली नव्हती. खांद्यावर दोराचा वळ होता, जुना, त्याच्या जिवंतपणीचा, ती त्यावर तेल लावायची तो. तिरडी ओढ्याकडे निघाली आणि तो तिच्यामागून चालू लागला. चुन्याची रेघ ओलांडली, पायऱ्यांच्या मधल्या वाटेने खाली उतरला, दिसेनासा झाला. त्याने वळून बघितलं नाही. चैतीने मात्र बघितलं, डोळे फाटेपर्यंत बघितलं, तिला तसं करायची कोणी मनाई केली नव्हती.

मग तिच्या छातीशी काहीतरी चुळबुळलं. पारू तोंडाने पदर चाचपडत होती. चैती तिथेच, मैदानाच्या मधोमध, गवतात बसली. पोरीने स्तन धरला आणि ओढलं. आधी दमून सोडलं, मग पुन्हा धरलं आणि घटाघटा प्यायला लागली.

राही जवळ बसून पोरीच्या तळपायाला हात लावून बघत होती. शिट्टीवाला शिट्टी हातात धरून होता, दोन्ही संघांची पोरं रेघेबाहेर चेंडू घेऊन उभी होती. पारूने एकदाही दाराकडे बघावं तशी मान वळवली नाही. दर घोटाला चैतीला कळत होतं की तो खरंच गेला. ती पोरीला पाजत होती आणि मोठमोठ्याने रडत होती, आणि तिला उठ म्हणायची कोणाची छाती झाली नाही.